पूर्वेचा वारा आणि पक्ष्यांची वही

श्रोतेहो, आभाळाकडे पाहून दिवसाचे काम ठरवणारी माणसे आपल्याला नवी नाहीत. शेतकरी पाहतो, कोळी पाहतो, अंगणात वाळवण घातलेली घरची बाईही पाहते. आकाश निवळले की ही सारी मंडळी खूष होतात. पण थोडी माणसे अशीही आहेत की त्यांना नेमके उलटे हवे असते. रात्री पूर्वेकडून वारा सुटला, पहाटे धुके उतरले, बारीक पाऊस लागला, की ती लगबगीने अंथरुणातून उठतात, जाड बूट चढवतात आणि चार-पाच जण मिळून समुद्रकाठच्या खडकांवरून चालू लागतात. ती निघालेली असतात पक्षी पाहायला.

ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः स्कॉटलंडात, ही रीत शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. तिची हकिगत आज सांगायची आहे. तुम्ही म्हणाल, ही तर रिकामटेकड्यांची हौस! हौस आहे खरी. परंतु या हौसेच्या पोटात एक मोठा झगडा दडलेला आहे. मेलेला पक्षी हाच पुरावा मानायचा, की जिवंत पक्षी पाहून माणसाने वहीत लिहिलेला शब्दही पुरावा मानायचा, असा तो झगडा. त्यात शेवटी वही जिंकली. कशी जिंकली ते पाहू.

शिक्षक मंडळींनी वर्गातला युरोपचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. डावीकडे ब्रिटन, उजवीकडे नॉर्वे आणि डेन्मार्क, आणि मध्ये उत्तर समुद्र. कुठे दोनशे, कुठे साडेतीनशे मैल रुंद. या समुद्राच्या पश्चिम काठावर, इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात फ्लॅम्बरो नावाचे भूशिर आहे. तिथे खडूच्या दगडाचे पांढरे कडे उभे आहेत. त्याला लागूनच असलेल्या बेम्प्टनजवळ ते सुमारे ४०० फूट उंच आहेत. वसंत ऋतूत या कड्यांच्या कपारींतून लाखो समुद्रपक्षी विणीसाठी येतात. त्यांत गिलेमॉट नावाचा एक काळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा पक्षी आहे. तो घरटे बांधत नाही. उघड्या दगडावर एकच अंडे घालतो. किटिवेक नावाचा नाजूक कुरव मात्र चिखल-गवताचे घरटे कपारीला चिकटवतो.

१८४६ साली जवळच्या ब्रिडलिंग्टन गावापर्यंत आगगाडी पोहोचली, आणि या पक्ष्यांचे दिवस फिरले. शहरांतून सहलीच्या गाड्या भरभरून येऊ लागल्या. लोक होड्या भाड्याने घेत, कड्याखाली जात, आणि बसल्या पक्ष्यांवर बंदुका झाडत. मारलेले पक्षी उचलून नेण्याचीही तसदी पुष्कळदा घेतली जात नसे. पुढे किटिवेकच्या पंखांना बायकांच्या टोप्यांसाठी मागणी आली, आणि मौजेत धंद्याची भर पडली. हा सारा प्रकार चाले तो ऐन विणीच्या दिवसांत. म्हणजे आई-बाप खाली समुद्रात मरून पडलेले आणि पिल्ले वर कपारीत उपाशी.

याविरुद्ध पहिल्याने ओरड झाली ती १८६८ साली. केंब्रिजचे प्राध्यापक आल्फ्रेड न्यूटन यांनी नॉर्विच येथे शास्त्रज्ञांच्या मोठ्या परिषदेत हा प्रश्न मांडला. इकडे ब्रिडलिंग्टनचे पाद्री बार्न्स-लॉरेन्स यांनी समुद्रपक्ष्यांच्या रक्षणासाठी मंडळ उभे केले. मौज पाहा, त्यांच्या बाजूने जी माणसे आली ती केवळ भूतदयेने आलेली नव्हती. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, कुरव आमच्या नांगरामागून चालतात आणि ढेकळांतले किडे टिपतात. कोळ्यांचे म्हणणे असे की, पक्षी जिथे घिरट्या घालतात तिथे मासळीचा थवा असतो. आणि खलाशी म्हणत की, धुक्यात डोळ्याला बोट दिसेनासे होते तेव्हा कड्यावरच्या पक्ष्यांचा कलकलाट ऐकून आम्ही जहाज खडकापासून दूर ठेवतो. दयेची भाषा ज्यांना कळत नाही त्यांना ही भाषा बरोबर कळली. ख्रिस्तोफर सायक्स नावाच्या तिथल्या प्रतिनिधीने पार्लमेंटात विधेयक मांडले आणि जून १८६९ मध्ये कायदा झाला. १ एप्रिल ते १ ऑगस्ट या काळात समुद्रपक्षी मारावयाचे नाहीत, मारल्यास पक्ष्यामागे एक पौंडापर्यंत दंड. ब्रिटनमधला रानपक्ष्यांच्या रक्षणाचा हा पहिल्या कायद्यांपैकी एक. अंड्यांना मात्र त्यात संरक्षण नव्हते. बेम्प्टनचे लोक दोरावरून कड्याला लोंबकळून अंडी गोळा करीत, ते काम १९५४ साली कायद्याने बंद होईपर्यंत चालू होते.

इतके झाले तरी पक्षी पाहणे म्हणजे पक्षी मारणे ही समजूत काही गेली नाही. दुर्बिणी तेव्हा ओबडधोबड होत्या. दूरच्या झुडपात हललेला पक्षी अमुकच होता हे सिद्ध कसे करणार? छर्रे झाडा, पाडा, त्यात पेंढा भरा आणि पेटीत ठेवा, म्हणजे झाला पुरावा. शास्त्रज्ञही असेच मानीत. किनाऱ्यावर एखादा परदेशी पक्षी उतरला की तो दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी काचेच्या पेटीत दिसे.

यातून वाट निघाली ती बत्तीवाल्यांमुळे. १८७९ साली जॉन कॉर्डो आणि जॉन हार्वी-ब्राऊन या दोघांनी ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या दीपगृहांना छापील तक्ते धाडले. कॉर्डो हे लिंकनशर परगण्यातले शेतकरी, आणि हार्वी-ब्राऊन स्कॉटलंडचे जमीनदार. तक्त्यांत विचारले होते एवढेच की, कोणत्या रात्री कोणते पक्षी बत्तीवर आले, किती आले, आणि वारा कोणता होता. अंधाऱ्या, पावसाळी रात्री बत्तीच्या झोताने पक्षी भांबावतात आणि काचेवर येऊन आदळतात. पहाटे ओट्यावर त्यांचा खच पडतो. हे पाहणारा माणूस कोण? तर रात्रभर जागणारा, कमी शिकलेला, खेड्यातून आलेला बत्तीवाला! त्याने लिहिलेल्या तक्त्यांवर शास्त्रज्ञांची एक समिती १८८० पासून १८८७ पर्यंत काम करीत होती. पुढे विल्यम ईगल क्लार्क यांनी त्या ढिगातून पक्ष्यांच्या स्थलांतराचा पहिला सलग आलेख काढला. माझ्या मते शास्त्राच्या इतिहासात बत्तीवाल्यांचे हे ऋण पुरेसे मोजले गेलेले नाही. असो.

आता आपण स्कॉटलंडकडे वळू. फोर्थ नदीच्या रुंद मुखात, फाइफ परगण्याच्या किनाऱ्यापासून पाचेक मैलांवर ‘मे’ नावाचे बेट आहे. या नावाचा मे महिन्याशी काही संबंध नाही. लांबी मैलाच्या आसपास आणि रुंदी त्याच्या चौथाईहून थोडी जास्त. काळा खडक, वर आखूड गवत, झाड म्हणावे असे जवळजवळ काही नाही. स्कॉटलंडमधली पहिली बत्ती याच बेटावर १६३६ साली लागली. ती दगडी कोळशाची धुनी होती. पुढे १८१६ साली रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी तिथे आजचे दीपगृह बांधले.

१९०७ च्या शरद ऋतूत फाइफमधल्या दोन मैत्रिणी या बेटावर पक्षी पाहायला आल्या. एव्हलिन बॅक्स्टर आणि लिओनोरा रिंटूल. दोघीही तिशीच्या अलीकडे-पलीकडे. त्या काळी शास्त्रीय मंडळांत बायकांना सुखासुखी कोणी आत घेत नसे. पण बेटाच्या खडकाला त्याची काय फिकीर! दोघी दीपगृहात मुक्काम करीत आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत बेट पायांखाली घालीत. पावसाने चिंब भिजत, पुन्हा निघत. वर्षामागून वर्षे त्या येत राहिल्या, आणि १९३३ पर्यंत हा परिपाठ चालला. लोक त्यांना कौतुकाने ‘भल्या बायका’ म्हणत.

या दोघींच्या ध्यानात एक गोष्ट आली. चांगल्या, निरभ्र, पश्चिम वाऱ्याच्या दिवशी बेट ओस पडलेले असे. आणि ज्या दिवशी पूर्वेचा किंवा आग्नेयेचा वारा असे, समुद्रावर ढग आणि धुके असे, त्या दिवशी प्रत्येक दगडाआड काही ना काही फडफडत असे. थिरथिरे, वटवटे, निळ्या गळ्याचे चिमुकले पक्षी. हा निळ्या गळ्याचा पक्षी हिवाळ्यात आपल्याकडेही उसाच्या कडेला, पाणथळ जागी येतो, पण स्कॉटलंडात तो क्वचितचा पाहुणा. नॉर्वे-स्वीडनमधून दक्षिणेला जायला निघालेले हे पक्षी इतके पश्चिमेला आले कसे?

मोठ्यांचे मत तोवर असे की, पक्षी ठरलेल्या वाटांनी जातात आणि वाऱ्याच्या दिशेला त्यात फारसे महत्त्व नाही. क्लार्क हेही बहुतांशी याच मताचे. बॅक्स्टर आणि रिंटूल यांनी १९१८ साली आपल्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि सांगितले की, हे पक्षी वाटेने आलेले नाहीत, वाऱ्याने वाहवत आलेले आहेत.

त्याचे कारण असे. लहान पक्षी बहुधा रात्री उडतात. नॉर्वेवर आकाश स्वच्छ असते तेव्हा ते निघतात. नावाडी ताऱ्यांवर नाव हाकतो तसे तेही दिशा धरून चालतात. पण मध्य समुद्रावर ढगांचे छत लागले, खाली पाऊस सुरू झाला, की त्यांची दिशा हरवते. मग बाजूने रेटणारा पूर्वेचा वारा त्यांना तिरके लोटत नेतो. भरल्या नदीत पोहणारा समोरच्या घाटाचा नेम धरतो आणि निघतो कुठे तरी खाली, तसेच हे. दमलेल्या पक्ष्याला पहाटे जो पहिला खडक दिसेल तिथे तो अंग टाकतो. म्हणून झाड नसलेल्या, दाणापाणी बेताचे असलेल्या या बेटावर त्या दिवशी गर्दी. पक्ष्याला बेट आवडलेले नसते. बेट वाटेत आलेले असते, एवढेच.

आज या विषयात पुष्कळ भर पडली आहे. रडारने रात्रीचे थवे पाहिले गेले, पक्षी दिशा कशी ओळखतात यावर प्रयोग झाले. वारा बाजूने रेटतो ही गोष्ट मात्र कायम राहिली. ती दोन बायकांनी पायी फिरून, वही आणि पेन्सिल घेऊन हेरली होती.

पुढे १९३४ साली एडिंबरोच्या काही तरुण पोरांनी याच बेटावर एक केंद्र काढले. बेटावर १८४४ सालची एक छोटी, बंद पडलेली बत्ती होती, तिच्या कोठीत त्यांनी बिऱ्हाड मांडले. या पोरांचा म्होरक्या जॉर्ज वॉटरस्टन. त्यांनी बेटावर जाळीचे सापळे उभारले. सापळा म्हणजे काय, तर तारेच्या जाळीचे मोठे नरसाळे. तोंड रुंद, पुढे निमुळते होत जाणारे, आणि शेवटी एक पेटी. जर्मनीजवळच्या हेलिगोलँड बेटावर ही तऱ्हा निघाली. चार-पाच जण अर्धवर्तुळ करून झुडपांतून हळूहळू पुढे सरकतात, पक्षी पुढे पुढे जात पेटीत शिरतो. मग त्याच्या पायात हलकीशी ॲल्युमिनियमची कडी घालायची, वजन करायचे, पंख मोजायचा आणि सोडून द्यायचा. पक्षी हातात आला आणि हातातून जिवंत गेला! बंदुकीला याहून सणसणीत उत्तर कोणते? दोनच वर्षांनी स्कॉटिश पक्षिनिरीक्षकांचे मंडळ स्थापन झाले, तेव्हा बॅक्स्टर आणि रिंटूल या दोघींना त्याचे पहिले अध्यक्षपद देण्यात आले.

वॉटरस्टनची पुढची कथा अशी. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली तो क्रीट बेटावर पकडला गेला आणि जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत पडला. त्याच छावणीत आणखी काही पक्षिवेडे होते. तारांच्या कुंपणाआडून ते पाळ्या लावून पक्षी पाहात. एकाने थिरथिऱ्याचा, दुसऱ्याने गोल्डफिंचचा अभ्यास केला. पोटात अन्न नाही, अंगावर धड कपडा नाही, आणि ही माणसे घरटे केव्हा बांधले, दाणा किती वेळा भरवला ते लिहीत बसलेली! वॉटरस्टन याने तिथे बसून एका नव्या केंद्राचा आराखडा आखला. ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मध्ये, अफाट समुद्रात, फेअर नावाचे तीन मैल लांबीचे बेट आहे, तिथे ते काढायचे. १९४३ साली आजारपणामुळे त्याची सुटका झाली. मायदेशी येताना जहाजावरून ब्रिटनचा जो पहिला तुकडा त्याला दिसला तो फेअर बेटाचाच होता. १९४८ साली त्याने ते बेट विकत घेतले, केंद्र सुरू केले आणि १९५४ साली बेट एका सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या हाती सोपवले.

या केंद्रांवर दिवस कसा जातो, हे शिक्षकांनी मुद्दाम ऐकण्याजोगे आहे.

पहिली गोष्ट, एकट्याने कड्याच्या बाजूला जायचे नाही. हा नियम भित्रेपणाचा नाही. ओल्या गवतावरून पाय घसरला तर खाली तीनशे फुटांवर समुद्र. धुके असे येते की दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही. सकाळी ऊन, नऊला गारा, दुपारी वादळ, हे तिथले नेहमीचे हवामान. फेअर बेटाची ‘गुड शेफर्ड’ ही बोट वारा फिरला की निघतच नाही. आलेला पाहुणा चार दिवसांसाठी आला असला तरी आठ दिवस अडकून पडतो. म्हणून तुकड्या करतात. कोणी उत्तरेचे खडक, कोणी दक्षिणेची शेते, कोणी दगडी गडग्यांची रांग. पाठीवर वारा घेऊन चालायचे, म्हणजे दुर्बिणीच्या काचेवर पाणी येत नाही. एकाने पाहायचे, दुसऱ्याने लिहायचे, तिसऱ्याने पाय कुठे पडतो आहे ते बघायचे.

संध्याकाळी सारे एका खोलीत जमतात. व्यवस्थापक यादी घेऊन बसतो आणि एकेका पक्ष्याचे नाव पुकारतो, आपल्या शाळेतल्या हजेरीसारखे. नाव आले की प्रत्येक तुकडीने आपला आकडा सांगायचा. ‘बारा.’ ‘सात.’ ‘आम्ही पाहिलेले ते बारांतलेच असतील, तुमच्या बाजूनेच उडून आले.’ मग वाद होतो, चर्चा होते, आणि एक आकडा ठरतो. तिथे प्राध्यापक असतो, टपालवाला असतो, सुट्टीवर आलेला पोरगाही असतो. कुणी काही विशेष पाहिले असे म्हटले की सारे त्याला विचारतात, पंखावर पट्टा होता का, पाय कसल्या रंगाचे, बरोबर आणखी कोणी होते का. उत्तर पटले तर लिहायचे, नाही तर सोडून द्यायचे. आणि ज्या दिवशी धुक्यामुळे काहीच दिसले नाही त्या दिवशीही पान कोरे ठेवायचे नाही. तारीख, वारा, ‘दाट धुके, पक्षी नाही’ असे लिहायचे. या ‘नाही’ला मोठी किंमत आहे. पश्चिम वाऱ्याच्या ओस दिवसांची नोंद बॅक्स्टर-रिंटूल यांनी ठेवली नसती, तर पूर्वेच्या वाऱ्याचे कारण त्यांना कळलेच नसते.

आता तुम्ही विचाराल, माणूस खोटे बोलला तर? वहीत काय, वाटेल ते लिहिता येते. प्रश्न रास्त आहे. पण मेलेल्या पक्ष्याला तरी खोटे बोलता येत नाही का? इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज गावाच्या आसपास १८९२ ते १९३० या काळात दुर्मीळ पक्ष्यांचा जणू पाऊस पडला होता. एकाहून एक विलक्षण परदेशी पक्षी, सगळे मारलेले, सगळ्यांत व्यवस्थित पेंढा भरलेला, आणि पुष्कळसे एकाच कारागिराच्या दुकानातून आलेले. संग्राहकांनी त्यांना भरपूर दाम मोजले आणि पुस्तकांत त्यांची नावे चढली. १९६२ साली ‘ब्रिटिश बर्ड्स’ मासिकाने या नोंदींची झडती घेतली. गणिती पद्धतीने ताळा केला तेव्हा दिसले की, तेवढ्याच काळात शेजारच्या किनाऱ्यांवर असले काही घडलेले नव्हते, आणि त्यानंतर त्या गावातही घडले नाही. जवळजवळ ६०० नोंदी रद्द झाल्या. ज्या मेलेल्या पक्ष्याला शास्त्राने एवढा मान दिला होता तो बाजारातून आणलेला असू शकतो, हे उघड झाले. त्याआधी १९५९ सालीच दुर्मीळ नोंदी तपासण्यासाठी दहा जाणत्या निरीक्षकांची समिती बसली होती. ही समिती मेलेला पक्षी मागत नाही. ती टिपण मागते, आणि सोबत कोण होते ते विचारते. दहा डोळ्यांनी पाहिलेले, त्याच दिवशी लिहिलेले, दहा जणांसमोर वाचलेले, हे पेटीतल्या पेंढ्यापेक्षा भक्कम ठरले.

चांगल्या वाऱ्याच्या दिवशी काय दिसते त्याचा एक नमुना सांगतो. गोल्डक्रेस्ट नावाचा युरोपातला सर्वांत लहान पक्षी आहे. वजन पाच-सहा ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबाने अर्धा तोळा. आपल्या शिंपी पक्ष्याहूनही हलका, डोक्यावर पिवळी रेघ. ऑक्टोबर १९८२ मध्ये एका दिवशी मे बेटावर असे सुमारे १५,००० पक्षी मोजले गेले. झाड नाही, म्हणून ते गवतात, दगडांवर, भिंतींच्या फटींत बसलेले. अर्धा तोळ्याचा जीव रात्रीत उत्तर समुद्र ओलांडतो, ही गोष्ट पुस्तकात वाचली तर खरी वाटत नाही.

आणि या मोजण्याचा उपयोग काय? १९६९-७० साली सुमारे हजार स्वयंसेवकांनी ब्रिटन आणि आयर्लंडच्या साऱ्या किनाऱ्यावरचे विणीचे समुद्रपक्षी मोजून काढले. त्याच्या दोनच वर्षे आधी, मार्च १९६७ मध्ये, टॉरी कॅनियन हे तेलवाहू जहाज कॉर्नवॉलजवळ खडकावर फुटले होते आणि हजारो पक्षी तेलात माखून मेले होते. तेव्हा कुणी विचारले की, होते किती आणि गेले किती, तर नेमके सांगता येईना. ती उणीव या मोजणीने भरली. नंतर आणखी तीनदा मोजणी झाली. तीत दिसून आले की, फ्लॅम्बरोच्या कड्यांवर ज्याच्यासाठी १८६९ चा कायदा झाला त्या किटिवेकची संख्या ब्रिटनमध्ये पुन्हा झपाट्याने घटते आहे. या वेळी बंदूक कारण नव्हती. समुद्र तापतो आहे आणि किटिवेकचे मुख्य खाद्य असलेली वाळूतली बारीक मासळी कमी होते आहे. ती मासळी यांत्रिक बोटी खत-तेलासाठी उपसत होत्या. २०२४ साली स्कॉटलंडने आपल्या सर्व पाण्यात आणि इंग्लंडने उत्तर समुद्रातल्या आपल्या भागात तिची मासेमारी बंद केली. त्यावर कज्जे झाले, कोळ्यांच्या पोटाचा प्रश्नही खोटा नव्हता. पण सरकारपुढे मांडायला आकडे होते, कारण पन्नास वर्षे कुणी तरी पावसात उभे राहून ते लिहिले होते.

बत्तीवाले मात्र आता राहिले नाहीत. फेअर बेटाचे दक्षिण टोकाचे दीपगृह हे माणसांनी चालवलेले स्कॉटलंडमधले शेवटचे. मार्च १९९८ मध्ये तेही आपोआप चालू लागले. मार्च २०१९ मध्ये त्या बेटावरचे पक्षिकेंद्र आगीत भस्म झाले. जुन्या नोंदींच्या प्रती आधीच करून ठेवल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. इमारत पुन्हा बांधता आली. जुन्या नोंदी पुन्हा लिहिता आल्या नसत्या.

जाता जाता आपल्या किनाऱ्याविषयी दोन शब्द. कोकणचा किनाराही खडकाळ आहे आणि हवामान आपलेही काही कमी लहरी नाही. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकांची बेटे आहेत. १८७५ साली ह्यूमसाहेब, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा मोठा वाटा होता तेच, त्या बेटांवर गेले होते. तिथल्या गुहांत लाळेची घरटी करणाऱ्या पाकोळ्या आणि खडकांवर वीण करणारे सुरय यांच्याविषयी त्यांनी लिहून ठेवले आहे. ती घरटी पुढे चोरांनी फार लुटली. अलीकडे स्थानिक मंडळींनी त्यांच्या राखणीचे काम हाती घेतले.

आपल्याकडे पूर्वेच्या वाऱ्याची जागा नैर्ऋत्येचा मोसमी वारा घेतो. जून ते ऑगस्टच्या वादळी दिवसांत भर समुद्रात राहणारे, एरवी जमिनीला पाय न लावणारे पक्षी थकून किनाऱ्यावर येऊन पडतात. कधी कधी तर घाट ओलांडून देशावरच्या शेतातही सापडतात. त्यांना पहिल्याने पाहणारा बहुधा रापण ओढणारा कोळी असतो, नाही तर शाळेला निघालेले पोर. असा पक्षी सापडला तर त्याला हाकलून पुन्हा लाटांत ढकलू नका, तो दमलेला असतो. अंगावर फडके टाकून अलगद उचला. चोच जपा, ती डोळ्याला लागू शकते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत, शांत जागी ठेवा. बळेबळे पाणी पाजू नका, आणि वनखात्याच्या माणसाला कळवा. गुरुजींनी शाळेच्या वहीत तारीख, जागा, आदल्या रात्रीचा वारा आणि पक्ष्याचे वर्णन लिहून ठेवावे. नाव ठाऊक नसले तरी चालेल. पंखांची लांबी मोजावी, चोचीचा आणि पायांचा रंग लिहावा, आणि पाहणाऱ्या साऱ्या मुलांच्या सह्या खाली घ्याव्यात.